मदत हवी आहे: सातवीतल्या मुलीच्या डोक्याला खाद्य कुठे मिळेल? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आम्ही पूर्व भागात राहतो. लेकीने शेजारच्या कारखान्यातून जेकार्डचे (मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे) जुने, भोकं पाडलेले पुठ्ठे आणलेत. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा, आणि भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलला जातो, हे तिने मागावर बघून ओळखलं. आता चौकटीच्या वहीत स्वतःची नक्षी पाडतेय, दोनदा खोडून मोराची मान जमवली!

शाळेच्या प्रदर्शनाला मात्र बाईंनी सांगितलं, सगळ्यांसारखा तयार ज्वालामुखी आण. स्वागताला तूच पुढे उभी राहा, गोड बोलतेस. प्रगतिपुस्तकावर ‘आज्ञाधारक, हसतमुख’. एवढ्यावरच पोरीची पारख व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांच्या सरकारी योजनेसाठी कल्पना शाळेमार्फतच जाते, निवड झाली तर 10,000 रुपये मिळतात. बाईंना न दुखावता हा विषय कसा काढू? शहरात अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असलेल्या कुठल्या शाळेत बाहेरच्या मुलांना बसू देतात का? आणि पुठ्ठे पाडणारे कोणी जुने कारागीर तिला तासभर शिकवतील का? माहिती असेल तर कृपया सांगा, आम्ही रविवारी कुठेही यायला तयार आहोत.