दुचाकीचा पाच वर्षांचा विमा सरतो आहे; आता कोणता घ्यावा?

प्रश्न (दर्यापूर तालुका):
गाडीसोबत मिळालेला थर्ड पार्टी विमा पुढच्या महिन्यात संपतो. गाडी माझ्या नावावर, पण रोज वावरात बाबाच नेतात. रानडुक्कर आडवं आलं तर काय?

उत्तर:
भाऊ, थर्ड पार्टीतून फक्त समोरच्याची भरपाई होते. गाडीच्या नुकसानीसाठी ओन डॅमेज लागतो. अन् १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा आर.सी.वर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव असलेल्यालाच मिळतो. बाबांना नाही! त्यांच्यासाठी वेगळा अपघात विमा काढच.

उत्तर:
मुदत चुकवू नका, बावा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर विम्याविना पहिला दंड २,००० रुपये, दुसऱ्यांदा ४,०००. दंडाचं सोडा, कोणी दगावलं तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. त्यात वावर जातं.

प्रश्नकर्ता:
काकाजी, बाबांचा विमा आधी काढतो.