रि: रि: सगळं ऑनलाइन, मग द्राक्षं कुठे अडकली?

मंडळी,
पाडव्याच्या कार्यक्रमाला नाशिकची द्राक्षं ठेवायचं ठरलं होतं ना, तर इथला दुकानदार म्हणतो माल अजून बोटीवरच आहे. शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) ऑनलाइन, फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) ऑनलाइन, मग दिवस जातात कुठे? नाशिकला परत गेलेल्या दादाने सांगावं, त्याचं हेच काम आहे.
— रॉटरडॅमहून काका

काका नमस्कार,
पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून मोबाइलवर टाइप करतोय, चुका पदरात घ्या. कस्टमचा वेळ कमी झालाय, त्यात वाद नाही. पूर्वी कंटेनर भरून तयार असायचा पण सील मारायला एक्साइजचे साहेब यायचे, ते दुसऱ्या पॅकहाऊसला अडकले की आपला रीफर, म्हणजे थंड कंटेनर, जेनसेटवर डिझेल पीत उभा. २०१७ पासून आपणच ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) मारतो, नंबर ऑनलाइन चढवतो, न्हावा शेवा बंदरात कस्टमवाले ते रीडरवर वाचतात आणि रिस्क सिस्टीमने तपासणीला काढला नाही तर एकही पेटी न उघडता लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टमची परवानगी, हातात.

पण एक आकडा चुकला की मेलोच. मागच्या सीझनला आमच्याच पोराने सील नंबरात ६ चा ९ केला. कागद होते तेव्हा खाडाखोड, सही, शिक्का, विषय संपला. आता अमेंडमेंट (दुरुस्तीचा अर्ज) टाका, मंजुरीची वाट बघा, तोवर बोटीचा कटऑफ, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ, गेला आणि पुढची बोट आठवड्याने, आणि द्राक्षाला आठवडा म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगू, देठ सुकला की भाव गेला.

दादा, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या त्या सरकारी पोर्टलवर, तर बागेबागेची नोंद असते ना? तरी माल कसा अडकतो?
— ताई

ताई, असते, पण ती कस्टमच्या आधीची पायरी. प्लॉटचा नंबर, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट (फळात औषधाचा अंश किती ते), ॲगमार्क (प्रतवारीचा दाखला), मग फायटो, सगळं एकमेकांत अडकवलंय, रिपोर्ट नापास तर गाडी पुढे सरकतच नाही. पण २०१० आठवतंय? क्लोरमेक्वाट क्लोराइड (वेलीची वाढ रोखायचं औषध) सापडलं म्हणून युरोपात आपला माल पडून राहिला. ग्रेपनेट तेव्हाही होतंच की! तपासायच्या यादीत ते औषधच नव्हतं, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आणि शेतकरी मात्र कर्जात. मला तर पोर्टल बंद पडण्यापेक्षा ह्याचीच जास्त भीती वाटते.

आणि काका, ह्या वेळचा उशीर कस्टमचा नाहीच हो. आमचे कागद दुपारी क्लिअर झाले, पण बोट तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून येतेय, दहा-पंधरा दिवस जास्तीचे. तुम्ही पाडव्याला बेदाणे ठेवा. आणि तासगावचे आणू नका, आपल्या पिंपळगावचेच बघा.
— दादा