मदत हवी आहे: नाव बदललं नि फोटो उघडेनात

मंडळी, स्वतःच घातलेला घोळ आहे. भाच्याच्या आयफोनमधून मुंजीचे ६०० च्या वर फोटो लॅपटॉपवर घेतले. सगळे एचईआयसी, म्हणजे आयफोनच्या फोटो फॉरमॅटमधले. विंडोज १० ला ते उघडेनात, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रेन' ही नाव बदलायची कमांड चालवून एका फटक्यात सगळ्यांचं शेपूट (एक्स्टेंशन) डॉट जेपीजी केलं. आता फोटो ॲप म्हणतं, हा फॉरमॅट चालत नाही.

नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही, हे उशिरा कळलं. पण फोल्डरमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेले खरे जेपीजी आणि थोडे एमओव्ही व्हिडिओही होते. सगळेच आता जेपीजी! त्यामुळे सरसकट उलटं नावही देता येत नाही.

नोटपॅडमध्ये उघडलं की एचईआयसीच्या सुरुवातीच्या कचऱ्यात 'एफटीवायपी-एचईआयसी' दिसतं, व्हिडिओत 'एफटीवायपी-क्यूटी', जेपीजीत 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ'. म्हणजे ओळख शाबूत आहे. पण ६०० वेळा हे कोण करणार?

एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम फाइलच्या आतला खरा प्रकार वाचून एक्स्टेंशन दुरुस्त करतं असं वाचलंय. कुणी वापरलंय का? फोटो काढल्याची तारीख टिकते ना? कॉपी काढून ठेवली आहे, पण तीही नाव बदलल्यानंतरची. फोनमधले फोटो भाच्याने केव्हाच उडवलेत.