मोरपिशी गिटार: डाय करू की पेंट?

सहावीतार
मंडळी, पहिल्यांदाच इलेक्ट्रिक गिटार बनवून घेतेय. बॉडी महोगनीची, वर फ्लेम मेपलचा टॉप. मधोमध हिरवट निळा, कडेला जांभळा आणि अगदी काठावर जवळजवळ काळा, असा मोरपिसासारखा रंग मनात बसलाय. बनवणारे विचारताहेत, डाय की पेंट? मेपलचा टॉप मी त्याच्या वाघपट्ट्यांसाठीच निवडलाय, त्या झाकल्या गेल्या तर फार वाईट वाटेल. पण डाय उडतो म्हणतात, ते खरं का? आणि एवढे थर चढल्यावर आवाज दबतो का?

लाकूडवेडा
डायच करा. पेंट लाकडावर थर होऊन बसतो, डाय आत मुरतो. फ्लेम मेपलचे तंतू नागमोडी असतात. जिथे त्यांची टोकं वर येतात तिथे लाकूड रंग जास्त पितं, शेजारी कमी. पट्ट्या उठून दिसतात त्या यामुळेच.

माझ्या गिटारवर मी आधी काळा डाय दिला. सगळा टॉप कोळशासारखा झाला तेव्हा छातीत धस्स झालं होतं. वाळल्यावर ३२० नंबरच्या सँडपेपरनं घासत गेलो तसा वरचा काळा निघाला आणि खोल मुरलेला तेवढा पट्ट्यांत राहिला. मग त्यावर निळा. डाय पाण्यातला असेल तर तंतू उभे राहतात, म्हणून त्याआधीच एकदा ओलं फडकं फिरवून, वाळवून, हलकं घासून घ्यायला सांगा. माझ्याकडून काठाजवळ सरसाचा एक थेंब पुसायचा राहिला होता. तिथे डाय धरलाच नाही, तांदळाएवढा फिकट डाग आजही दिसतो.

उडण्याचं म्हणाल तर ते खरं आहे. १९५८ ते १९६० च्या गिब्सन लेस पॉल सनबर्स्टमधला (मधे पिवळा, कडेला लाल होत जाणारा रंग) लाल कित्येक गिटारींवर उडून नुसता पिवळा-मधाळ उरलाय. तेव्हाचा लाल उजेडात टिकणारा नव्हता. आता मेटल कॉम्प्लेक्स (रंगाच्या रेणूत धातू असलेले) डाय मिळतात, ते बरेच जास्त टिकतात. तरी रोजच्या उन्हात गिटार टांगू नका.

तुमच्या रंगाला खरा धोका वरच्या क्लिअर कोटचा, म्हणजे शेवटच्या पारदर्शक थराचा आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षांनुवर्षांत पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवं! फेंडरच्या लेक प्लॅसिड ब्लू नावाच्या निळ्या रंगातल्या जुन्या गिटारी अशाच हिरवट झाल्यात. न पिवळणारा क्लिअर मागा.

जुनीफ्रेट
वरच्यांशी सहमत, पण पेंटला कमी लेखू नका. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६७ मध्ये आपली फिकट निळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार स्वतःच्या हातानं चमकत्या रंगांनी रंगवली, हेडस्टॉकला (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाला) तर बायकोचं नेलपॉलिश लावलं. ती गिटार आजही बघत राहावीशी वाटते. मात्र तिथे लाकूड दाखवायचं नव्हतं, तुम्हाला दाखवायचंय.

आवाजाची काळजी सोडा. सॉलिड (आतून पोकळ नसलेल्या) बॉडीत पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे भाग, आणि त्यांची उंची यांनी जेवढा फरक पडतो, त्यापुढे रंगाचा थर काहीच नाही. फक्त नेक पॉकेट, म्हणजे बॉडीत नेक बसते ती खाच, टेपनं झाकून घ्या. तिथे थर साचला तर नेक नीट बसत नाही, आणि घट्ट कोंबला तर कडेचा रंग तडकतो.

सहावीतार
किती नीट सांगितलंत! काळा डाय आधी द्यायचा हे डोक्यातही नव्हतं. पण मेपल मुळात पिवळसर, मग माझा निळा पहिल्याच दिवशी हिरवा दिसेल का?

लाकूडवेडा
थोडा दिसेल. म्हणून कागदावरच्या नमुन्यावर रंग ठरवू नका. त्याच टॉपचा कापून उरलेला तुकडा मागा आणि त्यावर काळ्यापासून क्लिअरपर्यंत सगळे थर देऊन बघा. क्लिअर चढल्याशिवाय रंग कळत नाही. नुसता वाळलेला डाय खडूसारखा निस्तेज दिसतो, तेव्हा घाबरू नका.

सहावीतार
तुकडा मिळाला, तळहाताएवढा आहे. तीन प्रमाणं करून पाहिली. तिसऱ्यात निळ्यात जांभळ्याचे दोन थेंब जास्त टाकले, तेव्हा हिरवेपणा हवा तेवढाच राहिला. क्लिअर दिल्यावर खिडकीशी धरून हलवला तर काळे पट्टे उजळले आणि उजळ होते ते काळे झाले. बनवणाऱ्यांना तोच तुकडा पाठवतेय, मागे थेंबांचं प्रमाण लिहून.