मदत हवी आहे: ट्रीटमेंट शीट संगणकावर नेताना दाखल पेशंटांचे डोस चुकू नयेत म्हणून काय करावं?

वॉर्डइन्चार्ज: तालुक्याच्या गावातलं 60 खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय. ओपीडीची नोंदणी आणि बिलिंग संगणकावर आहेच, आता आयपीडीचा (दाखल पेशंटांचा) केस पेपर, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद) आणि ट्रीटमेंट शीटही (कोणतं औषध कधी द्यायचं, दिलं याचा तक्ता) नव्या सिस्टिमवर जाणार. सॉफ्टवेअरवाल्यांचं ट्रेनिंग झालं, पण सगळं डेमो पेशंटवर. अडचण आहे ती त्या दिवशी आधीपासून दाखल असलेल्यांची: काही डोस कागदावर दिलेले, पुढचे स्क्रीनवर. दोन आठवडे दोन्हीकडे लिहा, असं वरून सुचवलंय. नाइटला वॉर्डात दोनच स्टाफ असतात. हे सुरक्षित आहे का?

औषधवाला: ताई, औषधांच्या बाबतीत दोन्हीकडे लिहायला मुळीच होकार देऊ नका. डॉक्टर राउंडनंतर स्क्रीनवर डोस बदलतात, सिस्टर मात्र उशाशी लटकवलेली शीट बघून देतात. दोन चार्ट असले की खरा कोणता, हे कुणीच सांगू शकत नाही. बाकीच्या नोंदी थोडे दिवस दोन्हीकडे चालतील, औषधं नाहीत.

एक वेळ ठरवा आणि तिथून पुढे फक्त संगणक. सकाळी 8चे डोस झाले की दुपारी 2च्या आत पूर्ण वॉर्ड उरकायचा. रविवार बरा, प्लॅन ऑपरेशनं नसतात. रात्री 12 ही वेळ सॉफ्टवेअरवाल्यांना सोयीची वाटते, पण तेव्हा ना फार्मासिस्ट असतो, ना सीनियर डॉक्टर.

खरा धोका पहिल्या डोसच्या वेळेत आहे. समजा, एनॉक्झापॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) 40 मिग्रॅ रोज एकदा, आणि सकाळी 8ला कागदावर देऊन झालंय. 10 वाजता ऑर्डर टाकली आणि सिस्टिमने पहिला डोस 'आत्ता' धरला, तर स्क्रीनवर डोस बाकी दिसतो. इव्हिनिंगची सिस्टर तो देऊन मोकळी होते. उलटही होतं: टीडीएसच्या (दिवसातून तीनदा) वेळा 8-2-10 अशा ठरवलेल्या असतील आणि ऑर्डर सव्वादोनला पडली, तर सिस्टिम थेट रात्री 10 धरते. दुपारचं अँटिबायोटिक गेलंच. म्हणून प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस कागदावर बघायचा आणि पुढची सुरुवातीची वेळ हाताने टाकायची. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, डिगॉक्सिन, जेंटामायसिन आधी घ्या. एसओएस (गरज पडली तरच द्यायचं) पॅरासिटामॉल विसरू नका. समजा कागदावर आधीच 3 ग्रॅम दिलेत, ते सिस्टिमला दिसत नाहीत, त्यामुळे 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडली तरी ती इशारा देणार नाही.

रात्रपाळी_आरएमओ: वरच्याशी सहमत. ऑर्डर डॉक्टरनेच टाकायची, सिस्टरकडून टाकून घेऊन नंतर सही करायची नाही. मग दोन सिस्टरांनी पडताळायचं: एकीने कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसरीने स्क्रीनवर बोट ठेवून औषध, मात्रा, मार्ग, वेळ म्हणायची. पेशंटमागे 15 मिनिटं धरा. जुळलं की जुन्या शीटवर आडवी रेघ, 'यापुढे संगणकावर पाहा', वेळ आणि सही. शीट लगेच फाइलमध्ये, खाटेजवळ ठेवायची नाही.

जुना केस पेपर टाइप करत बसू नका. ॲलर्जी, वजन, निदान, चालू औषधं, चालू सलाइन आणि त्याचा वेग एवढं पुरे.

त्याआधी औषधांची यादी फार्मासिस्टबरोबर बसून तपासा. थायरॉक्सिन 50च्या पुढे मायक्रोग्रॅम आहे की मिलिग्रॅम? तिथे चूक म्हणजे हजारपट. इन्सुलिनपुढे 'युनिट' पूर्ण शब्द हवा, नुसता इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो. मुलांचं वजन किलोतच घेतलं जाईल असं करून घ्या.

वॉर्डइन्चार्ज: आभारी आहे, हे सगळं उद्याच्या मीटिंगमध्ये मांडते. अजून दोन गोष्टी. वॉर्डाला एकच लॉगिन देतायत. आणि शेवटच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही.

औषधवाला: एकच लॉगिन घेऊ नका. डोस कोणी दिला हे कधीच कळणार नाही, आणि चौकशी झाली तर ज्या सिस्टरचं नाव पडेल तिला ते सोसावं लागेल. प्रत्येकीचं वेगळं, बदली स्टाफ आणि इंटर्नचंही.

वायफाय नसेल तर बीपी-पल्स हातावर किंवा चिठ्ठीवर लिहून ड्युटी संपताना एकदम भरले जातात. मग आठ पेशंटांची नोंद एकाच मिनिटाची दिसते आणि 11 वाजता घसरलेलं बीपी राउंडला दिसतच नाही. आधी तिथे वायफायचे ॲक्सेस पॉइंट बसवून घ्या, गो-लाइव्ह (सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करणं) नंतर.

सिस्टिम बंद पडेल हे धरूनच चाला. रोज सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10ला प्रत्येक वॉर्डाची चालू औषधांची यादी प्रिंट करा, नवी आली की जुनी फाडा. कोरे ट्रीटमेंट शीटही ठेवा. सिस्टिम परत आली की कागदावरचे डोस नव्या डोसच्या आधी चढवायचे, ते दिल्याच्या वेळेने, टाइप केल्याच्या वेळेने नव्हे. हे काम त्या ड्युटीतल्या एकाच सिस्टरकडे नावानिशी द्या.