मदत हवी आहे: जावातल्या जमिनीसाठी मराठी शब्द

मंडळी, इंडोनेशियातल्या मध्य जावातल्या भातशेतीच्या एका गावावर लिहितेय आणि शब्दांवर अडलेय. तिथे गावप्रमुखाला आणि कारभाऱ्यांना पगाराऐवजी गावच्या मालकीची जमीन कसायला देण्याची जुनी रीत होती, ती 'तानाह बेंगकोक'. पद गेलं की जमीनही गेली. विकायचा प्रश्नच नाही. मी आधी 'वतन' लिहिलं, पण वतन वंशपरंपरेने चालतं, म्हणून खटकतंय. 'इनाम'ही जमत नाही.

'मारो' म्हणजे जमीनमालक आणि कसणारा यांच्यात पीक निम्मं-निम्मं, त्याला 'अर्धेली' चालेल ना? पण 'मेर्तेलू'त कसणाऱ्याला तिसरा हिस्साच मिळतो (राबणार तोच!). 'तिजाई' म्हणतात का कुठे?

आणि घराभोवतीची नारळ-केळीची 'पकारांगान'? 'परसबाग' फार शहरी वाटतं. कोकणातल्यांनो, 'परडं' म्हणू का?