रमतगमत मॅरेथॉन : तुमचे अनुभव

शमा
काल हाजीअलीहून बस पेडर रोडच्या चढाला लागली आणि पोटऱ्यांना सगळं आठवलं. मुंबई मॅरेथॉन, जानेवारीतला तिसरा रविवार, पूर्ण 42.195 किलोमीटर आणि आमचा घोळका. साडेसहा तासांचा हिशोब होता, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वानऊ मिनिटं. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, तेही सीएसएमटीपासूनच. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं.

सी लिंकवर एरवी पायी जाऊच देत नाहीत. वेगवान मंडळी अंधारातच तिथून निघून जातात. आम्ही पुलावर होतो तेव्हा माहीमच्या इमारतींमागून सूर्य वर आला. घोळक्यातल्या एकीने तिथेच भूपाळी म्हटली, आजूबाजूच्या अनोळखी लोकांनीही सूर धरला.

परतीच्या पेडर रोडवर एकाच्या पोटरीत गोळा आला. कुणी पुढे गेलं नाही. तिथल्या रहिवाशांनी संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की हातावर ठेवली, एका आजींनी त्याच्या पायावर स्प्रे मारला. चढ आम्ही चालत संपवला आणि मरीन ड्राइव्हला पुन्हा पळायला लागलो.

तुमचंही लिहा. किती वेळ लागला यापेक्षा सोबत कोण होतं ते वाचायला आवडेल.

घाटवाट
सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे साधारण 21 किलोमीटर!! यवतेश्वरचा घाट, सप्टेंबर, धुकं. जाताना चढ, येताना उतार, त्यामुळे सपाटीवरचं पेसचं, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं याचं, गणित इथे लागू होत नाही. आम्ही कराडचे चौघं. ठरलेलं एकच, चढावर बोलता आलं पाहिजे. एकाचं वाक्य अर्धवट तुटलं की चौघंही चालायला लागायचे. त्याचा फायदा उतारावर कळला, मांड्या शाबूत होत्या. मध्येच धुकं फाटलं की खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा. पोरांचं लेझीम, ढोल... आणि संपल्यावर कंदी पेढे. ते आधी लिहायला हवं होतं :)

मुलुंडची माई
पेढे कुठले घेतलेत? मोती चौकातले का?

घाटवाट
हो माई. घरी पोचेपर्यंत खोका अर्धा.

मेघना ठाणे
पोळ्या लाटता लाटता लिहितेय. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा गट, सराव येऊरला. वेग असा की वाटेत माकडं मोजून होतात. आमच्यातली एक, तिचे यजमान गेले तेव्हा ती घराबाहेर पडेना. आम्ही तिला 'मन रमव' वगैरे काही म्हटलं नाही, फक्त रविवारी पहाटे खालून हाक मारायचो. पहिले काही रविवार ती गप्प पळाली. मग एका लांब रनला तेराव्या-चौदाव्या किलोमीटरला बोलायला लागली ती थेट घर येईपर्यंत. हॉस्पिटलचं, शेवटच्या रात्रीचं, पोरांचं, सगळं. समोरासमोर बसून तिला हे सांगता आलं नसतं असं ती नंतर म्हणाली. सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडे, पाय एका लयीत, त्यामुळे जमलं. पुढच्या जानेवारीत तिने हाफ केली. आम्ही सगळ्या तिच्याच पेसने गेलो, तीन तासांच्या आसपास. कुणालाही स्वतःचं टायमिंग आठवत नाही, तिचं मात्र पाठ आहे.
कुकर झाला, येते नंतर.

शमा
मेघना, डोळे भरून आले गं. तिला माझा नमस्कार सांग.

पेसर पुणेकर
मी पेसर म्हणून पळतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचायला एकाच वेगाने पळून इतरांना सोबत नेणारा. पाठीवर झेंडा, झेंड्यावर वेळ, मागे येणारे लोक म्हणजे आमची 'बस'. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत अशा बसेस फार प्रसिद्ध आहेत. दर्बन आणि पीटरमारित्झबर्गमधलं सुमारे 90 किलोमीटरचं अंतर, 12 तासांची मर्यादा. शेवटच्या तासात शेकडो लोक गात गात एकत्र येतात. महाराष्ट्रातूनही दरवर्षी बरेच जण जातात.

तीन तासांच्या हाफच्या बससाठी किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागतात. पहिले पाच किलोमीटर लोक मला 'दादा, जरा जोरात' म्हणतात. मी हलत नाही. अठराव्या किलोमीटरला तेच लोक पाठीवर हात ठेवतात. त्या हातासाठी मी दरवर्षी झेंडा घेतो.

हळू जाणाऱ्यांनी एक नक्की पाळा. आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो, प्रत्येक टेबलावर पाणी मिळतं, म्हणून नुसतं पाणी पीत राहू नका. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तर जिवावर बेततं. तहान लागेल तसं प्या, सोबत मीठ असलेलं काहीतरी घ्या.

डोंबिवलीकर
इतक्या पहाटे सीएसएमटीला पोचता कसे??

मुलुंडची माई
त्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते. आदल्या आठवड्यात वेळा बघून ठेवा. आमचा मुलगा तसाच जातो. डबा भरून छातीवर बिब (धावपटूचा नंबर) लावलेली माणसं, फार छान वाटतं म्हणे बघायला.

जर्सीची वहिनी
आम्ही इकडच्या मराठी मंडळातल्या पाच जणींनी हवाईतली होनोलुलू मॅरेथॉन केली. डिसेंबरात असते आणि वेळेची मर्यादाच नाही! शेवटचा माणूस येईपर्यंत फिनिश लाइन उघडी. उन्हात डायमंड हेड डोंगराचा चढ दोनदा, जाताना एकदा, येताना एकदा. आम्ही आरत्या म्हणत गेलो. सुखकर्ता दुःखहर्ताच्या तालावर पाय फार छान पडतात, करून बघा.

घाटवाट
दत्ताची आरती उतारासाठी.

निशिगंध
जेफ गॅलोवे, 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये 10,000 मीटर पळालेला अमेरिकन, त्याने शमाने वर लिहिलेली पळणं-चालणं पद्धत लोकप्रिय केली. माझ्या बाबांना साठीनंतर मी तशीच सुरुवात करून दिली. अर्धा मिनिट पळणं, अर्धा मिनिट चालणं. आता बाबांचा स्वतःचा गट आहे आणि मला त्यात प्रवेश नाही, 'तू फार घाई करतेस' म्हणून.

डोंबिवलीकर
निशिगंध, बाबांचा गट कुठे असतो? माझ्या वडिलांना विचारतो. गुडघ्यांचं आधी डॉक्टरांना दाखवू ना?

निशिगंध
दाखवाच आधी. कल्याणला असतात, मेसेज करते.

मेघना ठाणे
आले परत. माई, मुलाला येऊरला पाठवा की.

मुलुंडची माई
मुलाला कशाला, मीच येते. नुसतं चालणारी चालेल का?

मेघना ठाणे
पळेल! रविवारी साडेपाच, येऊरच्या गेटपाशी. खजूर मी आणते, तुम्ही फक्त पाण्याची बाटली आणि टॉर्च घ्या.